संत्र्याला मराठी, मावशीला इंग्रजी

नरखेडच्या एका मेडिकलमध्ये मावशीसाठी गोळ्या घ्यायला गेले होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. दुकानदाराने खोका उघडला, स्ट्रिप काढली, कात्रीने मोजून कापली, पांढऱ्या पाकिटात टाकली आणि पाकिटावर बॉलपेनने सकाळ-संध्याकाळच्या दोन रेघा ओढल्या.

"दादा, त्यातला कागद द्या ना."

"कोणता कागद?"

"गोळ्यांसोबत असतो तो, घडी केलेला."

त्याने खोक्यातून कागद काढून माझ्यापुढे धरला आणि हसला. "हा कोणी नाई नेत ताई. डाक्टरसाठी राहते तो."

मला वाटलं, टाळतोय. घरी येऊन कागदाची घडी उलगडली तर सगळ्यात वर तेच छापलेलं होतं. हा मजकूर फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्या वापरासाठी आहे. दुकानदाराने त्या कागदाची समीक्षा माझ्याआधी आणि एका वाक्यात करून टाकली होती.

मराठी साहित्यात एम.ए. करताना 'अभिप्रेत वाचक' नावाची संकल्पना शिकवली होती. प्रत्येक मजकूर लिहिताना कोणीतरी वाचणारा डोळ्यांपुढे असतो आणि वाक्यांची ठेवण त्याच्या बेताने होते. तेव्हा कादंबऱ्यांवरून उदाहरणं दिली होती. पण या कागदाइतकं स्वच्छ उदाहरण मी अजून पाहिलेलं नाही. गोळी गिळणार मावशी. रात्री घाम फुटला, स्तन दुखले, पोटरी सुजली तर ते होणार मावशीला. आणि तिच्या शरीरात काय काय होऊ शकतं याची सगळ्यात तपशीलवार यादी ज्या कागदावर आहे, त्याच्या पहिल्याच ओळीत सांगितलंय की हे तुझ्यासाठी नाही. म्हणून या कागदाची रीतसर समीक्षा करायचं ठरवलं. माझ्याजवळ असे तीन कागद आहेत. एक मावशीचा. दुसरा मावसबहिणीचा, तिला पीसीओडीसाठी सायप्रोटेरॉन आणि एथिनिल एस्ट्रॅडिओलची एकत्र गोळी चालू होती. तिसरा ओळखीच्या एका बाईंचा, एंडोमेट्रिओसिससाठी दिलेल्या डॅनाझॉलचा.

मावशी ४६ वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून फार जायला लागलं. पंधरा-पंधरा दिवस थांबायचं नाही, संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत तर तिला चक्कर यायची. एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, महिन्यातले २१ दिवस घ्यायच्या. रक्त आटोक्यात आलं. मावशीला ती चिठ्ठी इतकी लाभली की तिने ती लॅमिनेट करून घेतली. हे खरं आहे, झेरॉक्सच्या दुकानात वीस रुपये देऊन. पुढची चार वर्षं तीच चिठ्ठी चालली. ती परत दाखवायला गेली नाही, कोणी तिला परत बोलावलंही नाही. मेडिकलवाला चिठ्ठी बघतो, गोळ्या देतो. सगळं नियमाने चाललंय असं सगळ्यांनाच वाटत असतं.

त्रास विचारला तर मावशी म्हणते, "काही नाई वं, गोयी जराशी गरम पडते." गरम पडते म्हणजे काय, हे खोदून विचारलं तर हळूहळू निघतं. डोकं दुखतं, पाय भरून येतात, वजन वाढलं, चिडचिड होते, "आन मंगा रडूच येते, कारण नाई काई नाई." हे सगळं तिने उन्हाळा, तिखट आणि वय यांच्या नावावर मांडून ठेवलेलं आहे.

आता कागदाकडे येते. त्याची भाषा नामांची आहे. डोकेदुखी, मळमळ, स्तनांची दुखरी अवस्था, वजनातील बदल, नैराश्य, यकृताच्या कार्यातील बिघाड, रक्तवाहिनीत गुठळी. एकामागे एक, स्वल्पविराम देऊन. क्रियापद जवळजवळ नाहीच. कोणाला होतं, कधी होतं, किती दिवसांनी जातं, झालं तर त्या बाईने काय करायचं, हे सांगायचं तर क्रियापद लागतं. यादीला ते लागत नाही. यादीचा लेखक आपण सगळं लिहिलंय एवढंच सिद्ध करू पाहतो. उद्या काही झालं तर बोट ठेवून दाखवता यावं, हे आधी छापलेलं होतं. म्हणजे या मजकुराच्या लेखकाला समोर वाचक म्हणून डॉक्टर दिसतो, आणि डॉक्टरच्या मागे उभा असलेला वकील.

यादीचा दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. तिच्यात सगळ्या शब्दांचं वजन सारखंच असतं. डॅनाझॉलच्या कागदात मुरुमं, चेहऱ्यावर लव, पायांत गोळे, आवाज घोगरा होणं असं ओळीने दिलेलं आहे. या चारांतले तीन त्रास औषध बंद केलं की बहुतेकदा ओसरतात. आवाज मात्र एकदा उतरला की परत येईलच असं नाही. डॅनाझॉल हे पुरुषी हार्मोनच्या वळणाचं औषध आहे, त्याने स्वरयंत्रात झालेला बदल कायमचा राहू शकतो. ज्या बाईंचा हा कागद आहे त्या भजनी मंडळात म्हणतात. त्यांना मुरुमांची काय फिकीर असणार? आवाज बसायला लागला की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. ते कागदात आहे, पण दोन स्वल्पविरामांच्या मधे दडलेलं.

मावसबहिणीच्या कागदातही असंच एक दडलेलं वाक्य सापडलं. तिची गोळी मुरुमं आणि चेहऱ्यावरचे केस यांसाठी असते, आणि ती त्रास पूर्ण मिटल्यावर तीन ते चार महिन्यांत थांबवावी असं त्यात म्हटलंय. ती १९ व्या वर्षी सुरू झाली आणि २३ व्या वर्षापर्यंत घेत होती. चेहरा दुसऱ्याच वर्षी साफ झाला होता. मग थांबवली का नाही? "थांबवायची असते हे कोणी सांगितलं?" ती म्हणाली. पाळी वेळेवर येत होती म्हणजे गोळी काम करतेय, असा तिचा हिशोब. या गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका जुन्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा दीड ते दोन पट असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सांगितलं, फ्रान्सने त्या वर्षी ती काही काळ बाजारातून काढूनही घेतली होती. आणि तिच्या कागदात एक प्रश्न ठळक छापलाय की तुम्ही धूम्रपान करता का? वय ३५ च्या वर असेल तर विशेष काळजी. प्रश्न अगदी रास्त आहे, पण तो ज्या बाईला विचारलाय ती नरखेड तालुक्यात राहत नाही. इथल्या बायका बिडी-सिगारेट क्वचित ओढतात, खर्रा मात्र अनेकींच्या कनवटीला असतो. त्या कागदात खर्रा नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का, हा प्रश्न आहे, आणि तो इथल्या प्रत्येक बाईला विचारायला हवा, कारण तसं होत असेल तर एस्ट्रोजेनची गोळी टाळतात. तो कोणी विचारत नाही.

इथे जरा संत्र्याकडे वळते. नरखेड-काटोलच्या माणसाला हार्मोन हा शब्द नवा नाही. आमच्या भागात तो डॉक्टरांच्या आधी कृषी केंद्रात ऐकू येतो. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की 'हार्मोन मारलं का?' असं विचारतात. दीड ग्रॅम जिब्रेलिक अ‍ॅसिड, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग शंभर लिटर पाण्यात, सोबत किलोभर युरिया. माझे बाबा दहावी नापास आहेत, पण हे प्रमाण त्यांना तोंडपाठ आहे. टू-फोर-डी वापरायचं तर वारा बघायचा हेही त्यांना माहीत आहे, कारण तो फवारा शेजारच्या कपाशीवर गेला की पानं आकसून वेडीवाकडी होतात आणि मग धुऱ्यावर भांडण ठरलेलं. म्हणजे डोस, वेळ, मुदत आणि आडवा परिणाम, चारही गोष्टी. झाडाचं हार्मोन आणि बाईचं हार्मोन यांचा रसायन म्हणून काही संबंध नाही. संबंध आहे तो कागदाचा. फवारणीच्या डबीतल्या घडीच्या कागदावर मराठी असते. अक्षर मुंगीएवढं असतं, मराठी भाषांतर करून आणलेली असते, पण असते. कारण तसा कायदा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत द्यावं लागतं. विषबाधा झाली तर काय करायचं हेही त्यात लिहावं लागतं. माझ्याजवळच्या तीन गोळ्यांच्या कागदांत मराठीचा एक शब्द नाही.

बरं, हा कागद जन्मला कसा? याची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती हार्मोनच्या गोळीचीच निघाली. अमेरिकेत एनोव्हिड नावाची गोळी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून मंजूर झाली, १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून. आजच्या गोळीत साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन असतं, तिच्यात १५० होतं. तिच्या आधीच्या चाचण्या १९५६ पासून पोर्तो रिकोत गरीब वस्तीतल्या बायकांवर झाल्या. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होतेय असं कळवलं, आणि गोळीच्या जनकांनी ते मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं. मावशीचं 'कारण नाई काई नाई' मला इथे आठवतं. पुढे गुठळ्यांची प्रकरणं बाहेर आली. १९६९ मध्ये बार्बरा सीमन यांचं पुस्तक आलं आणि १९७० च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटसमोर सुनावणी लागली. साक्षीला डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बोलावले होते, गोळी घेणारी एकही बाई नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुण मुली उठून उभ्या राहिल्या आणि भर सभागृहात विचारू लागल्या, आम्हाला आधी का सांगितलं नाही? त्या वर्षी सरकारने हुकूम काढला की गोळीच्या पाकिटात घेणारीसाठी माहितीचा कागद घालावा. डॉक्टरांच्या संघटना आणि कंपन्यांनी विरोध केला, मसुदा कापत कापत अगदी लहान केला गेला, पण कागद आला. रुग्णाला उद्देशून लिहिलेल्या औषधी पत्रकांतलं ते अगदी सुरुवातीचं पत्रक. बायकांनी भांडून मिळवलेला हा साहित्यप्रकार आमच्याकडे पोचेपर्यंत पुन्हा डॉक्टरांच्या नावाने लिहिलेला होऊन आला.

आपल्याकडे भांडणं झाली नाहीत असं मुळीच नाही. १९८० च्या दशकात मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या स्त्री-संघटना हार्मोनच्या औषधांवरून सरकारशी झगडल्या. गरोदरपण आहे का हे बघायला जास्त डोसच्या एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा सर्रास वापर व्हायचा, त्याने गर्भाला धोका होता, त्या औषधावर १९८८ मध्ये बंदी आली. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांत बायकांना नीट माहितीच दिली जात नाही म्हणून १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. नेट-एनमधलं औषध म्हणजे मावशीच्या गोळीतल्याच नॉरएथिस्टेरॉनचं एक रूप. या चळवळीचं ऋण मोठं आहे. तरी एक तक्रार नोंदवते. त्या लढाईच्या भाषेत हार्मोन म्हणजे बाईच्या शरीरावरचा हल्ला होता, आणि तेव्हा तसं म्हणणं भागच होतं. पण लढाईची भाषा दवाखान्यात उपयोगी पडत नाही. तिथे बसलेल्या बाईला माझ्या वयात, माझ्या आजारात, इतकी वर्षं घेतली तर किती धोका, आणि नाही घेतली तर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी हवे असतात.

आकडे शेजारी ठेवले की काय होतं ते बघा. दहा हजार तरुण बायका घ्या. गोळी घेत नाहीत आणि गरोदरही नाहीत अशांत वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते. एकत्र हार्मोनची गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदर बायकांत ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत याच हिशोबाने ४० ते ६५. गोळीने धोका वाढतो हे खरंच आहे. पण ज्या घरात 'गोळ्या नको घेऊ, गुठळी होते' असं सांगतात, त्या घरात 'बाळंत होऊ नको, गुठळी होते' असं कोणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

पाळी थांबलेल्या बायकांच्या हार्मोनचंही हेच झालं. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास, १६,६०८ बायकांचा, मधेच थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले की स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. आकडा खोटा नव्हता. तोच दुसऱ्या रीतीने लिहिला तर असा होतो की दहा हजार बायकांत वर्षाला ८ जणींना जास्त. त्याच अभ्यासात मांडीच्या खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण दहा हजारांत ५ ने कमी झालं होतं. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा वर्षं उलटलेली. पन्नाशीच्या आत पाळी जाता जाता अंगाची लाही होणारी बाई त्या आकड्यांत फारशी नव्हतीच, पण घाबरून औषध सोडलं ते तिने.

याचा अर्थ भीती खोटी आहे असा काढू नका, ही माझी विनंती आहे. उलट बाजूचं उदाहरण देते. तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतं. ते मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, आणि हेच औषध जास्तीच्या रक्तस्रावावर आणि एंडोमेट्रिओसिसवरही देतात. ते घेत असताना हाडांतलं खनिज कमी होतं. अमेरिकेत २००४ पासून त्यावर ठळक चौकटीत इशारा आहे की दुसरा उपाय चालत असेल तर दोन वर्षांच्या पुढे घेऊ नये. बंद केल्यावर हाड बऱ्यापैकी भरून येतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं की वर्षाहून जास्त काळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची गाठ होण्याचा धोका साधारण साडेपाच पट होता. साडेपाच पट म्हटल्यावर छातीत धस्स होतं. ती गाठ मुळात फार विरळ आहे, बहुतेकदा कर्करोगाची नसते, म्हणून साडेपाच पट होऊनही ती विरळच राहते. तरी वर्षानुवर्षं इंजेक्शन घेणाऱ्या बाईला नजरेत फरक पडला किंवा डोकेदुखी हटेना, तर तिने आणि तिच्या डॉक्टरने हे आठवायला हवं. काळजी करायची कधी, हे कळणं म्हणजेच माहिती. आणि मावशीच्या गोळीबद्दल तर मीच चकित झाले. ती 'फक्त प्रोजेस्टेरॉनची' म्हणून सौम्य समजली जाते, पण मोठ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो. म्हणजे जाड, बीपीच्या, पाय सुजणाऱ्या ४६ वर्षांच्या बाईला ती देताना गुठळीचा विचार करावाच लागतो. महालक्ष्म्या बसायच्या आठवड्यात आमच्याकडे निम्म्या घरांत हीच गोळी पाळी पुढे ढकलायला विकत आणतात, चिठ्ठीशिवाय. चार-आठ दिवस घेणं आणि चार वर्षं घेणं यांत फरक आहे, तो पाकिटावरच्या दोन रेघांत दिसत नाही.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द छापला जातो, दुष्परिणाम. मला तो शब्द चुकीच्या जागी आलेला वाटतो. दुष्कृत्य, दुष्काळ, दुष्ट, या घरचा तो. एकदा दुष् म्हटलं की निकाल लागला, आता मोजायचं काय? वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत 'हार्मोन्सचं असंतुलन' म्हणून दर महिन्याला जो लेख येतो त्यात शेवटचा परिच्छेद 'दुष्परिणाम' असतो आणि त्यात ती कागदावरचीच यादी असते, फक्त मराठी केलेली. मोबाइलवरच्या रील्स त्याहून पुढे गेल्यात. त्यांत गोळी विष, आणि तीस सेकंदांत हार्मोन बॅलन्स करणारी जवसाची पूड हजार रुपयांना. (जवस आमच्या वावरात होतं. त्याची चटणी चांगली लागते.) यांतला एकही मजकूर बाईला प्रश्न विचारत नाही.

बायकांच्या बोलण्यात मात्र औषधासाठी क्रियापदं आहेत आणि ती फार नेमकी आहेत. औषध लागू पडतं. औषध मानवतं किंवा मानवत नाही. औषध बाधतं. औषध सोसत नाही. मानवणं म्हणजे औषध आणि शरीर यांचं जमणं, त्यात दोघंही आले, वेळही आली. एकीला मानवलं ते दुसरीला बाधेल, हे त्या शब्दातच आहे. गेल्या वर्षी मानवत होतं ते यंदा सोसत नाही, हेही बसतं. औषधशास्त्राला वय, वजन, बीपी, मुदत यांवरून जे सांगायचं असतं ते सांगायला ही क्रियापदं पुरेशी आहेत. 'गोयी गरम पडते' हे मावशीचं वाक्य अडाणीपणाचं नाही. ती तिची तक्रार आहे, आणि तिच्यापुढे 'गरम म्हणजे कसं?' हा प्रश्न विचारणारा माणूस हवा होता.

असा प्रश्न विचारला तर काय होतं याचा दाखला विदर्भातच आहे. नागपूरच्या मेडिकलमधून शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं, त्याचा निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हा निबंध जगभर गाजला तो आकड्यांमुळे. मला त्याच्या मागची कृती जास्त महत्त्वाची वाटते, की आधी बसून ऐकलं. त्यांच्या मराठी पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. औषधाच्या कागदाच्या लेखकाने जे केलेलं नाही ते या एका शब्दात आलंय.

न ऐकण्याची किंमत किती असू शकते, हे बीडने दाखवलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तिथली कारणं अनेक आहेत, मुकादमाचा दंड, खाडे, खासगी दवाखान्यांचा धंदा, कर्करोगाची घातलेली भीती. नरखेडचा प्रश्न तेवढा भयंकर नाही, आणि दोन्हींची गल्लत मी करणार नाही. पण आमच्याकडेही बाईच्या कानावर दोनच वाक्यं पडतात. गोळ्यांनी साइड इफेक्ट होतो. आणि पिशवी काढली की कटकट मिटते. पहिल्या वाक्याची भीती दुसऱ्याकडे ढकलते. पिशवीसोबत अंडाशयही काढलं तर बाईची पाळी एका दिवसात जाते, हाडं आणि हृदय यांचं नुकसान सुरू होतं, आणि तेव्हा तिला जे द्यायला हवं असतं ते हार्मोनच असतं. गोळ्या नकोत म्हणून शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेमुळे गोळ्यांची गरज. ही वर्तुळाकार गोष्ट कुठल्याच कागदात नाही, कारण दोन कागद वेगवेगळ्या खोक्यांतले असतात. हार्मोन सोडलेली कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवली तर औषध मुख्यतः तिथल्या तिथेच काम करतं, वर्षानुवर्षं रक्तस्राव कमी राहतो, हा मधला रस्ता मावशीने कधी ऐकलाच नव्हता. आणि गोळी नुसती सोडून देणंही फुकट नाही. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा सांगतो. महिन्यातले पंधरा दिवस रक्त जाणं हा काही निरुपद्रवी पर्याय नाही.

समीक्षा लिहून झाल्यावर वाटलं, मग तू लिहून दाखव. म्हणून कागदाच्या कोऱ्या बाजूवर मावशीसाठी मराठीत लिहिलं. पाऊण पान झालं. ही गोळी कशासाठी. किती दिवस झाले घेऊन. काय मानवत नसेल तर थांबून सांगायचं, आणि काय झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मनाने अचानक बंद करायची नाही, रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. ४५ च्या पुढे इतकं रक्त जात असेल तर पिशवीच्या आतलं अस्तर एकदा तपासून घ्यावं लागतं. 'दुष्परिणाम' शब्द वापरायचा नाही, असं ठरवलं होतं. 'पाय दुखला तर लगेच या' असं एक वाक्य होतं, ते मला बरंच नेमकं वाटलं होतं.

मावशीने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे डाक्टरले दाखवलं तं चालन का? राग तं नाई येनार त्यायले?"

गुरुवारी ती गेली, लॅमिनेट केलेली चिठ्ठी आणि हा कागद घेऊन. या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या. त्यांनी बीपी मोजला, तो वाढलेला निघाला. सोनोग्राफी लिहून दिली, अस्तराचा तुकडा तपासायचा म्हणाल्या, तोवर गोळी बदलून दिली. कागद त्यांनी वाचला, कोणी लिहिलं म्हणून विचारलं, आणि पेन काढून माझं ते एक वाक्य खोडलं. पाय तर शेतात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांचे दुखतात, त्या मावशीला म्हणाल्या. वर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर."